किटमधून लाकडी टियरड्रॉप कॅम्पर बांधताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मागच्या वर्षी आम्ही न्यू जर्सीतल्या आमच्या गॅरेजमध्ये किटमधून एक छोटा टियरड्रॉप कॅम्पर बांधला, आणि तेव्हापासून ओळखीतल्या चार-पाच जणांनी तरी विचारलंय की आम्हालाही करायचाय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढतोय. मी सुतार नाही, ऑफिसात बसून काम करणारा माणूस आहे. याआधी मी लाकडाचं केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे बुकशेल्फ, त्यामुळे हे नवख्या माणसाला जमतं हे मी खात्रीने सांगू शकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टियरड्रॉप म्हणजे पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा, गाडीमागे ओढायचा छोटा कॅम्पर. आत दोघांना झोपण्यापुरती जागा, आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. अमेरिकेत हे १९३० च्या दशकापासून आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तर लोक घरीच बांधायला लागले, १९४७ मध्ये मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड मासिकाने त्याचे प्लॅन छापले होते. मधे मोठ्या आरव्ही (घरासारख्या कॅम्पर गाड्या) आल्या आणि हे मागे पडले, आता परत आलेत. किट बऱ्याच प्रकारची मिळतात. ॲनापोलिसची चेसापीक लाइट क्राफ्ट ही मुळात कयाक आणि होड्यांची किट करणारी कंपनी, त्यांचाही एक टियरड्रॉप आहे, तो चार बाय आठ फुटी साध्या ट्रेलरवर बसतो. मी खाली लिहितोय ते अशा होडीच्या पद्धतीच्या किटबद्दल, म्हणजे पातळ मरीन प्लाय, तारेचे टाके, इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा गोंद) आणि फायबरग्लास. लाकडी चौकट करून वर ॲल्युमिनियमचा पत्रा मारायची पद्धत वेगळी, तिच्यात हे सगळं लागू होणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढे सगळं तिच्याभोवतीच फिरतं. या कामात लाकूड कापणं जवळजवळ नाहीच, ते मशीनवर कापून येतं. खरं काम आहे लाकडापर्यंत पाणी पोचू न देणं. प्लायची उघडी कड, स्क्रूचं भोक, लाइटची वायर जिथून बाहेर येते ती जागा, पाणी आत शिरतं ते इथूनच. मोठ्या सपाट भागातून कधी शिरत नाही.

आधी गाडी बघा, मग ट्रेलर, मग किट

बहुतेक जण उलटं करतात, आधी किट मागवतात. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काढा आणि ती किती वजन ओढू शकते ते बघा. हायब्रिड नसलेल्या होंडा सीआर-व्ही सारख्या गाडीला अमेरिकेत १,५०० पाउंडांची मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेत ट्रेलर, कॅम्पर, गादी, बॅटरी, पाणी, कूलर, तुमचे कपडे सगळं आलं. आमचा सगळं सामान भरून ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर ८७० पाउंड भरला, म्हणजे आरामात बसला, पण लोक आत फ्रिज, एसी, छतावर सायकली असं चढवत जातात आणि मग हजाराच्या वर कधी गेलं कळत नाही.

ट्रेलर स्वतः बोल्ट लावून जोडायचा असेल तर तो जोडून झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी सारखं आलं पाहिजे, फरक असेल तर बोल्ट सैल करून सरळ करा, कारण वाकड्या चौकटीवर कॅम्पर बसवला की दरवाजे नीट लागत नाहीत आणि मग तुम्ही दरवाज्याला दोष देत बसता. बेअरिंगमध्ये ग्रीस नीट भरलंय का ते बघा, आणि चाकांचे नट पहिल्या पन्नास मैलांनंतर परत टॉर्क रेंचने आवळा. टायरच्या कडेवर वेगाची मर्यादा असते ती वाचा. ट्रेलरबरोबर मूळ प्रमाणपत्र येतं ते फाइलला लावून ठेवा, डीएमव्हीत (आपल्या आरटीओसारखं ऑफिस) रजिस्ट्रेशनला तेच मागतात, आणि नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत म्हणून आपल्या राज्याचे आधीच बघून ठेवा.

लाइटच्या चपट्या चार पिनांच्या कनेक्टरचे रंग: पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागचे आणि बाजूचे दिवे, पिवळी डावा इंडिकेटर आणि ब्रेक, हिरवी उजवा इंडिकेटर आणि ब्रेक. लाइट लुकलुकत असतील तर दहापैकी नऊ वेळा पांढऱ्या वायरचा ट्रेलरच्या लोखंडाशी नीट संपर्क नसतो, तिथला रंग खरवडून परत लावा.

जागा आणि हवामान

दोन गाड्यांच्या गॅरेजमधली एक बाजू पुरते, पण कॅम्परच्या चारही बाजूंनी चालता आलं पाहिजे. दार किती उंच आणि रुंद आहे ते मोजा, चाकांवर चढवल्यावरची उंची धरून मोजा, बांधून झाल्यावर बाहेर निघत नाही असं होऊ नये.

आम्ही एप्रिलमध्ये सुरू केलं आणि सप्टेंबरमध्ये संपलं, शनिवार-रविवार आणि अधूनमधून संध्याकाळी. थंडीत सुरू करू नका असं मी स्पष्ट सांगेन. इपॉक्सीला साधारण ७० फॅरेनहाइटच्या आसपास बरं वाटतं, ६० च्या खाली ती मधासारखी घट्ट होते, नीट मिसळत नाही आणि दिवसेंदिवस चिकट राहते.

इपॉक्सीशी ओळख

हे प्रकरण नीट वाचा, बाकीचं चाळलं तरी चालेल.

रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच मिसळायचं. काही कंपन्यांचं प्रमाण २:१ असतं, काहींचं ५:१, डब्यावर लिहिलेलं असतं. आपल्याला सवय असते की लवकर सुकावं म्हणून हार्डनर थोडं जास्त घालू, इथे ते चालत नाही. जास्तीचं हार्डनर तसंच आत राहतं आणि थर मऊ पडतो, कधीच कडक होत नाही. लवकर सुकायला हवं असेल तर फास्ट हार्डनर वेगळं मिळतं ते घ्या. पंपाने मोजा, आणि कपाच्या तळाशी आणि कडांना खरवडत दोन मिनिटं घड्याळ लावून ढवळा.

दुसरं म्हणजे मिसळलेली इपॉक्सी कपात ठेवू नका. घट्ट होताना ती गरम होते, आणि कपात एकत्र असली की तीच उष्णता तिला अजून गरम करते, धूर येईपर्यंत. मिसळली की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, जास्त वेळ मिळतो. उरलेला कप गॅरेजबाहेर सिमेंटवर ठेवायचा, कचऱ्याच्या डब्यात नाही.

हातमोजे नायट्रिलचे, दर वेळी नवीन. इपॉक्सीची ॲलर्जी एकदम होत नाही, हळूहळू होते आणि एकदा झाली की आयुष्यभर राहते, काही जणांना हा छंदच सोडावा लागतो. हाताला लागली तर ॲसिटोनने पुसू नका, त्याने ती कातडीत अजून आत जाते, साबणाने आणि पाण्याने धुवा. अर्धवट सुकलेल्या इपॉक्सीची धूळ तर सगळ्यात वाईट, पूर्ण कडक होईपर्यंत सँडिंग नको, आणि सँडिंग करताना चांगला मास्क हवाच.

टाके घालणं

किट उघडल्यावर पहिले दोन दिवस काहीही चिकटवू नका. सगळे तुकडे यादीशी ताडून बघा, पेन्सिलीने नावं घाला, आतली बाजू कुठली बाहेरची कुठली ते लिहा. तेव्हा बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते, त्यांनी आयुष्यभर वर्कशॉपमध्ये काम केलंय. मी पहिल्याच दिवशी पंप हातात घेतलेला बघून ते म्हणाले, "आधी कोरडं लावून बघ, मग चिकटव." आम्ही अख्खा सांगाडा कोरडाच उभा केला आणि मग लक्षात आलं की एक बल्कहेड (आतली आडवी भिंत) मी उलटं धरलं होतं. गोंद लावून झाल्यावर कळलं असतं तर प्लाय फोडावा लागला असता.

पॅनलच्या कडेला लहान भोकं असतात किंवा पाडायची असतात, त्यातून तांब्याच्या तारेचे तुकडे घालून बाहेरच्या बाजूला पीळ द्यायचा. ही पद्धत होड्यांकडून आली. इंग्लंडमध्ये १९६३ ला मिरर डिंगी नावाची छोटी शिडाची होडी आली, ती लोकांनी घरी अशीच तारेने शिवून हजारोंनी बांधली. आपल्याकडे तर शिवलेल्या जहाजांची परंपरा फारच जुनी. गोव्यात बांधलेलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात आलेलं कौंडिण्य काथ्याने शिवलेलंच आहे. फरक एवढाच की तिथे शिवण कायमची असते, कॅम्परमध्ये तार फक्त इपॉक्सी सुकेपर्यंत पॅनल धरून ठेवते आणि नंतर काढून टाकायची.

सगळे टाके आधी सैल ठेवा. एका टोकाकडून आवळत गेलात तर दुसऱ्या टोकाला फट उघडते. सैल, मग सगळीकडे थोडं थोडं, मग गुण्या लावून कोपरे बघा, परत कर्ण मोजा, आणि मग शेवटचं आवळा. पॅनलच्या कडा एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत, तार प्लायमध्ये रुतेपर्यंत पिळायची नाही.

फिलेट, म्हणजे आतल्या कोपऱ्यातला भराव

दोन टाक्यांच्या मधल्या जागेत आधी थोडी थोडी घट्ट इपॉक्सी लावायची, ती सुकली की तारा काढायच्या (अडकलेली तार लायटरने किंवा सोल्डरिंग आयर्नने जरा तापवली की सुटून येते), आणि मग सगळ्या कोपऱ्यातून सलग गोलाई भरायची. कॅम्परची सगळी ताकद या गोलाईत असते.

इपॉक्सीत लाकडाचं बारीक पीठ मिसळून ती घट्ट करतात. किती घट्ट, हे सूचनांमध्ये पीनट बटर असं लिहिलेलं असतं, पण माझ्या डोक्यात ते बाबांमुळे बसलं. पहिला लगदा मी केला तो उभ्या भिंतीवरून हळूहळू खाली घसरत होता, ते बघून म्हणाले, "हे श्रीखंड झालंय, चक्का पाहिजे." रात्रभर टांगलेला चक्का चमच्यावर घेऊन चमचा उलटा केला तरी पडत नाही, वर टोक काढलं तर ते उभं राहतं, अगदी तेवढं. अजून पीठ घातलं आणि जमलं. त्यानंतर प्रत्येक वेळी चमचा उलटा करून बघायचो.

कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, लगदा भरा, गोल कडेच्या चमच्याने किंवा प्लास्टिकच्या तुकड्याने एका दमात ओढा आणि इपॉक्सी ओली असतानाच टेप काढा. टेप सुकू दिली तर ती कायमची तिथेच. जितकं आता गुळगुळीत कराल तितकं सँडिंग कमी, आणि आतल्या कोपऱ्यातलं सँडिंग फार त्रासाचं असतं, बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून करावं लागतं.

बाहेरून फायबरग्लास

याची सगळ्यांना भीती वाटते आणि मला सगळ्यात जास्त आवडलेलं काम हेच. कोरडं कापड कॅम्परवर पसरायचं, हाताने चुण्या काढायच्या, चादर घातल्यासारखं. मग मधोमध इपॉक्सी ओतून प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडे ओढत न्यायची. पांढरं कापड बघता बघता पारदर्शक होतं आणि खालचं लाकूड एकदम गडद, तांबूस दिसायला लागतं. कुठे पांढरट राहिलं तर तिथे इपॉक्सी कमी आहे, आणि कुठे चकाकत असेल तर जास्त आहे, कापड तरंगतंय, ती ओढून काढा. पहिल्या थरात कापडाची वीण हाताला लागलीच पाहिजे, ती नंतरच्या दोन थरांनी भरते.

वेळ संध्याकाळची निवडा, हे कुठेच ठळक लिहिलेलं नसतं. सकाळी गार लाकडावर इपॉक्सी लावली आणि दुपारी गॅरेज तापलं की लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि थरात बुडबुडे अडकतात. तापमान उतरत असताना लावलं तर लाकूड उलट इपॉक्सी आत ओढून घेतं. आमची एक बाजू सकाळी केली, दुसरी संध्याकाळी पाच नंतर, आणि हात लावून फरक कळतो.

पुढचा थर आधीचा पूर्ण कडक व्हायच्या आत द्या, नख दाबलं तर उमटतं पण बोटाला चिकटत नाही अशा वेळी. तेव्हा सँडिंग लागत नाही. ती वेळ टळली आणि वर तेलकट पापुद्रा वाटला तर आधी पाण्याने आणि भांड्यांच्या स्क्रबरने धुवा, मगच पेपर लावा. न धुता घासलं तर तो तेलकटपणा आणखी आत घासला जातो आणि पुढे व्हार्निश सुटतं.

सँडिंग आणि व्हार्निश

इथे लांबण नाही लावत. आधी ८० नंबरचा पेपर, मग १२०, मग २२०, आणि कापडाचे धागे दिसायला लागले की थांबा, म्हणजे तुम्ही जास्त खोल गेलात. दोन वीकेंड पूर्ण धरून चाला. इपॉक्सी उन्हात टिकत नाही, पिवळी पडते आणि भुसभुशीत होते, म्हणून वरून यूव्ही रोखणारं व्हार्निश किंवा पेंट हवाच. लाकूड दिसायला हवं असेल तर व्हार्निशचे चार-पाच पातळ थर, आणि दर एक-दोन वर्षांनी परत एक. खालची बाजू ट्रेलरवर चढवण्याआधीच इपॉक्सीचे तीन थर आणि पेंट देऊन पूर्ण करा, नंतर तिथे हात पोचत नाही.

भोकं

लाइट, बिजागऱ्या, छतावरचा पंखा, नंबर प्लेट, प्रत्येकासाठी तयार झालेल्या कॅम्परला भोक पाडावं लागतं आणि इथेच लोक घाई करतात, कारण एव्हाना सगळं दिसायला लागलेलं असतं. मीही केली. नंबर प्लेटच्या दिव्यासाठी मी सरळ भोक पाडून स्क्रू मारला, वर सीलंट लावलं. पहिल्या पावसाळी ट्रिपनंतर महिन्याभराने त्या स्क्रूभोवती नाण्याएवढा काळा डाग दिसला, नखाने दाबलं तर प्लाय मऊ. तेवढा भाग कोरून, वाळवून, भरून परत घासावा लागला.

बरोबर पद्धत अशी: स्क्रूला लागतं त्याच्या दुप्पट मोठं भोक पाडा, ते घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा, सुकू द्या, आणि त्या इपॉक्सीत मधोमध स्क्रूचं भोक पाडा. आता पाणी आलं तरी त्याला इपॉक्सी लागते, लाकूड लागतच नाही. दरवाजे आणि पंख्याच्या मोठ्या भोकांच्या कडांनाही इपॉक्सीचे तीन हात. पंखा बसवताना खाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावा. सिलिकॉन वापरू नका, एकदा लागलं की त्या जागी नंतर पेंट, व्हार्निश, इपॉक्सी काहीच धरत नाही. खिडकीचं ॲक्रिलिक उन्हात फुगतं, त्याची स्क्रूची भोकं जरा सैल ठेवा, नाहीतर कोपऱ्याला तडा जातो.

मागच्या झाकणाची फट सगळ्यात जास्त गळते. पोकळ रबरी सील लावा, आणि त्याच्या बाहेर पाणी वाहून जायला पन्हळीसारखी खाच असेल तर तिच्या तळाची भोकं बुजली नाहीत ना ते बघा.

आतलं

बारा व्होल्टची बॅटरी, दोन एलईडी, पंखा आणि फोन चार्जर, सुरुवातीला एवढंच करा. बॅटरीच्या प्लस वायरवर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, पुढे कुठेतरी नाही. पंखा हा चैनीचा भाग समजू नका, दोन माणसं बंद डब्यात झोपली की सकाळी भिंतींना घाम फुटलेला असतो आणि उशा ओल्या लागतात. थोडी खिडकी आणि पंखा हळू, पावसातसुद्धा.

स्टोव्ह फक्त मागच्या ओट्यावर, उघड्यावर. आत शेगडी, कॅम्पिंगचा गॅस हीटर काहीही पेटवायचं नाही, कितीही थंडी असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उशाशी बॅटरीवर चालणारा अलार्म लावाच, फार महाग नाही.

रस्त्यावर न्यायच्या आधी

ड्राइव्हवेत उभा करून बागेच्या नळीने पंधरा मिनिटं पाणी मारा, छत, झाकण, दरवाजे, खालूनसुद्धा, चाकं पाणी उडवतात त्या दिशेने. आत कोणीतरी टॉर्च घेऊन बसा. आमच्याकडे मुलगी बसली होती आणि तिने डाव्या दरवाज्याच्या खालच्या कोपऱ्यातला थेंब आमच्या आधी शोधला. मग त्याच रात्री तिथेच झोपा. आईचा फोन आला, "अरे एवढ्या डब्यात झोपणार कसे?" पण झोप छान लागली, फक्त लाइटचं बटण पायाकडे लावलंय हे रात्री दोन वाजता कळलं, दुसऱ्या दिवशी हलवलं.

वजनाचा तोल: हिचच्या बॉलवर (गाडीमागचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकवतात) एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के यायला हवं. लहान कॅम्परला घरातला बाथरूमचा काटा चालतो, गाडीच्या हिचच्या उंचीला येईल असा ठोकळा ठेवून त्यावर ट्रेलरचं तोंड टेकवा. टियरड्रॉपमध्ये स्वयंपाकघर मागे असल्यामुळे कूलर, पाणी, भांडी सगळं चाकांच्या मागे जातं आणि पुढचं वजन कमी होतं, मग हायवेवर मागून शेपटी हलायला लागते. पाच गॅलन पाणी म्हणजे जवळजवळ ४२ पाउंड. आम्ही पाण्याचा कॅन आणि बॅटरी प्रवासात पुढे, गादीच्या डोक्याकडे ठेवतो आणि मुक्कामाला पोचल्यावर मागे आणतो. सेफ्टी चेन जोडताना खाली एकमेकींवरून फुलीसारख्या घ्या, बॉल निसटला तर ट्रेलरचं तोंड त्यात अडकतं, रस्त्यावर आपटत नाही.

पहिली ट्रिप तासाभराच्या अंतरावरच ठेवा. पहिल्या दहा मैलांवर थांबून चाकाच्या मधल्या भागाला हाताची मागची बाजू जपून जवळ नेऊन बघा, कोमट ठीक आहे, हात ठेववत नसेल तर बेअरिंग बघायला हवं. हिवाळ्यात बाहेर ठेवणार असाल तर ताडपत्री थेट अंगावर बांधू नका, वाऱ्याने ती व्हार्निश घासून काढते आणि खाली दमटपणा कोंडतो. वर पीव्हीसी पाइपची कमान करून त्यावर टाका, दोन्ही टोकं उघडी ठेवा, आणि महिन्यातून एकदा झाकण उचलून नंबर प्लेटचा दिवा, पंख्याची चौकट आणि मागच्या सीलचे कोपरे नखाने दाबून बघा.